पुनवेची वाट

२९ जानेवारी २००९, गुरुवार

ही डायरी २००७ सालची. शेठने ट्रकच्या ड्रायव्हरला दिली, ड्रायव्हरने मला, क्लीनरला. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहितोय. दोन वर्षांत तीनच पानं भरली होती. एकावर म्हापशाच्या पंक्चरवाल्याचा नंबर, एकावर मी काढलेली घोरपड, आणि तिसऱ्यावर फक्त ‘आजपासून रोज लिहायचं’.

बापूस गेला. परवा मंगळवारी, दुपारी. मी तेव्हा हातखंब्याजवळ ट्रकचं चाक काढत होतो. जगनकाकाचा फोन आला. ‘‘भावेश, बापूस गेला रं तुजा. कवा पोचशील?’’ मी म्हणालो, ‘‘स्टेपनी लावतो आणि निघतो.’’ बाप गेल्यावर माणूस हे बोलतो का? मी बोललो. बुधवारी उजाडताना पनवेल जवळ आलं. कर्नाळ्याचा सुळका दिसला, आभाळात अंगठा काढून उभा, आणि मला वाटलं की उतरावं, माकडांना शेंगा घालणारी ती म्हातारी अजून बसते का बघावं. पंधरा मिनिटं हाच विचार करत होतो. एवढा मी कामाचा.

माझ्यासाठी थांबले नव्हते. काकाने अग्नी दिला होता. आई ओटीवर बसली होती, डोळे कोरडे. ‘‘आलास. च्या घे,’’ म्हणाली. सहा वर्षांनी भेटत होतो.

बापाबद्दल खरं लिहायचं तर मला तो आवडत नसे. आनंदा मुकादम म्हणायचे त्याला. मिठागरात मुकादम होता, मिठागर बंद पडल्यावर पाइपांच्या यार्डात वॉचमन. चौथी शिकलेला, हात जड. सहावीत मला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, येत नव्हती. शाळेत कुणालाच येत नव्हती, कारण शाळेत ती शिकवतच नाहीत. पण त्याचं म्हणणं, खाडीकाठच्या माणसाला पाऊणकी पाहिजेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पाणी भरलेलं. त्यानंतर सहा तासांनी सुकती, पाणी उतरलेलं. मी ‘सात पाऊणे पाच’ म्हणालो. त्याने मला मिठाच्या कोंडीत अनवाणी उभं केलं, ‘सव्वापाच’ म्हणेपर्यंत. पायांना थंडीच्या भेगा होत्या. मला उत्तर लगेच आठवलं होतं, पण मी बराच वेळ म्हणालो नाही. मीही त्याचाच.

ते एक. दुसरं म्हणजे सणाला तो घरात नसायचा. होळीला नाही, नारळी पुनवेला नाही, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या अवसेला नाही. दर पुनवेला आणि अवसेला संध्याकाळ झाली की गायब, दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलाने बरबटून हजर. आई सांगायची, ‘‘बाबांना पुनव-अवसेचं व्रत हाय. देवीला जातान.’’ मी शाळेत सांगायचो, माझा बाप भगत आहे. पोरं हसायची आणि त्याला ‘सुकतीचा भगत’ म्हणायची. मला ती मोठी पदवी वाटायची. सोळाव्या वर्षी होळीला सगळ्यांचे बाप खांद्यावर लाकूड घेऊन आले, आमच्या घरचं मी एकट्याने ओढत नेलं. धुळवडीच्या दिवशी नाक्यावर ट्रक पकडला.

आज सकाळी घरात बसवेना. साडेआठला बांधावर गेलो, खरं तर निवट्या बघायला. चिखलावर चालणारा मासा आहे तो. दोन निवट्या भांडायला लागल्या की तोंडं वासून एकमेकींसमोर उभ्या राहतात, थेट काका आणि बाबा. खाडी पार उतरली होती. एका निवटीच्या मागे बघता बघता तिवरांच्या झुडपांपलीकडे नजर गेली आणि चिखलात दगड दिसले. ओळीने. एक पाऊल, एक दगड. एक पाऊल, एक दगड. बांधापासून थेट मधल्या धारेपर्यंत, आणि धारेच्या पलीकडेही काळे ठिपके, पल्याडच्या तिवरांपर्यंत गेलेले.

मी शंभरेक दगड चालून गेलो. एकही हलला नाही. एक अर्धं जातं होतं. एक फुटपाथची कड होती. एक तर हायवेवरचा मैलाचा दगड, आडवा, तोंड वर, ‘पनवेल ५’ अजून वाचता येत होतं. चिखलात मी मांडीपर्यंत गेलो असतो, आणि मी उभा होतो पनवेल पाचवर.  भारतभर नाही म्हटलं तरी सात राज्यं फिरलो, पूल बघितले, बोगदे बघितले. असं काही बघितलं नाही. कुणी केलं हे?


३१ जानेवारी, शनिवार

मयताचं घर, काल दिवसभर लोक येत राहिले, लिहायला झालं नाही. मधेच करंजाड्याला जेसीबी बघत दोन तास उभा राहिलो, तेही आहेच. डोंगर पोखरून प्लॉट पाडतायत.

आज जगनकाकाला गाठलं. तो मागच्या दारी विडी ओढत होता.

‘‘काका, खाडीत दगड कुणी टाकले?’’

‘‘टाकले नाय, लावले. तुज्या बापसानं.’’

‘‘कशाला?’’

‘‘पल्याड जायला.’’

‘‘देवीला?’’

काकाला ठसका लागला. विडी हातातून पडली, ती उचलून झटकून परत तोंडात घातली. ‘‘हां. देवीलाच. चंद्रावती नाव हाय देवीचं.’’

 मला माहीत नव्हतं असं कसं लिहू? विचारायचं नव्हतं एवढंच.

काकाने सांगितलं ते असं. चंद्रावती पल्याडची कोळीण. नवरा समुद्रात बुडून गेलेला. मिठागरात डोक्यावरून मीठ वाहायला यायची. मी तेव्हा पाळण्यात होतो. तेव्हापासून.

‘‘पण पुनव-अवसेलाच का?’’

काकाने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू घाटावरून आलोय. ‘‘आरं, उधानाला पानी जेवडं चढतं तेवडंच उतरतं. पुनव-अवसेच्या आगंमागंच दगूड उघडं पडतान, आन् सांजचा उजेड असताना सुकती त्याच दिवशी. सांजच्या सुकतीला जायाचा, सकालच्या सुकतीला परत. पानी देईल तोच वायदा.’’

म्हणजे माझ्या सगळ्या होळ्या, सगळ्या दिवाळ्या पाण्याने नेल्या. त्याला दुसरा दिवसच नव्हता. मी सोळा वर्षं समजत होतो की तो मुद्दाम सणालाच जातो.

‘‘चिखलात दगड राहतात कसे?’’

‘‘राहत नायत. खाली तिवराच्या फांद्या आंथरायच्या, वर दगूड. वर्साला दोन-चार बोटं खाली जातो. मग त्याच्यावर दुसरा. तू वरचा बगतोस. त्याच्याखाली धा असतील.’’

मी परत बांधावर जाऊन बसलो. पाणी चढत होतं, दगड एकेक करून जात होते. वरून दिसत होते ते मी मोजले होते, अलीकडचेच एकशे ब्याण्णव. त्या प्रत्येकाखाली दहा. एकटा माणूस, खांद्यावर दगड, सुकतीच्या तासा-दीड तासात. ज्या माणसाने मला साधी सायकल धरून शिकवली नाही. राग येत होता आणि तोंड उघडं राहत होतं, दोन्ही एकदम.

‘‘पण काका, वळसा घालून रस्ता आहेच, आता तर पूल झाला, रिक्षा जातात. मग चालत का?’’ हे मी मगाशी विचारलं होतं.

‘‘ते तुज्या आयशीला इचार,’’ काका म्हणाला आणि आत गेला.


१ फेब्रुवारी, रविवार

विचारलं नाही. दुसरंच विचारलं.

आमच्यात मयत झाली की सांगावा जातो. फोन चालत नाही. घरचा माणूस स्वतः जातो आणि दारात उभा राहून सांगतो. (मला फोन आला, कारण मी कुठे असतो ते मलाच माहीत नसतं.) आत्या हाकेच्या अंतरावर राहते, तिने रडणं ऐकलंच असणार, तरी काका गेला तेव्हाच ती दार उघडून रडली. ज्याच्याकडे सांगावा जातो तो आपला. ज्याच्याकडे जात नाही त्याने ऐकलं तरी ऐकलं नाही.

आई तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, ‘‘आये, पल्याड सांगावा गेला का?’’

तिचा हात थांबला नाही. ‘‘पल्याड कोन हाय आपलं?’’

‘‘ती बाई.’’

‘‘तिला गावभर फिरनारी मासेवाली सांगेल.’’

‘‘ते सांगणं वेगळं.’’

‘‘येगळंच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘म्हनून तर नाय धाडला. आन् कोनी जानार बी नाय. रस्त्यानं तर नायच नाय.’’

मी आता स्वतःला विचारतोय की मला काय पडलंय. खरं सांगायचं तर मला तिचं तोंड बघायचंय. जिच्यासाठी माणूस खाडी बांधून काढतो ती दिसते कशी? तिला शिव्याही द्यायच्यात. पण काका संध्याकाळी सहज म्हणाला, ‘‘बाराव्यानंतर सांगावा नसतो. सांगावा आल्याबिगर ती रडंल कशी? कुंकू लावूनच बसली असंल.’’ ते डोक्यातून जात नाही.


३ फेब्रुवारी, मंगळवार

जिवंत आहे. अक्षर वाकडंतिकडं, बघून घ्या. (कुणाला सांगतोय मी?)

आज अष्टमी. मी पाऊणकी केली. आठ पाऊणे सहा. सकाळी सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती. आयुष्यात पहिल्यांदा ती पाऊणकी स्वतःच्या कामासाठी लावली आणि बरोबर आली, कारण बाराला पाणी खरंच थांबलेलं होतं. मी इतका खूश की चप्पल बांधावर काढून शीळ घालत निघालो. कुणाला सांगितलं नाही. जायचं, सांगावा द्यायचा, तोंड बघायचं, परत.

दगड दिसत नव्हते. मला वाटलं, अजून थोडं उतरेल. पायाने चाचपत पन्नासेक गेलो. पाणी गुडघ्याला. शंभरावर कंबरेला. मग एक दगड चुकला आणि डावा पाय चिखलात मांडीपर्यंत गेला. तो काढायला उजवा टेकवला, तो गेला. हातांनी धरायला काही नाही. आणि पाणी फिरलं. ते फिरतं तेव्हा कळतं, पोटापाशी गार होतं.

मी ओरडलो नाही. लाज वाटली. बावीस वर्षांचा घोडा, खाडीकाठचा, बापाच्या वाटेवर बुडतोय, आणि लाज वाटते. पाणी छातीला आलं तेव्हा वाटलं, आता ओरडावं.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. ‘‘हालू नको रं! हालू नको!’’

आई. डोक्यावर पदर नाही, हातात माझ्या चपला.

‘‘जेवडा हालशील तेवडा आत जाशील! पाठीवर पड! पोट वर! पाय सोडव!’’

मी पाठीवर पडलो. पाय एकेक करून सुटले, दगडांना चिकटलेल्या कालवांनी कातडं सोलून निघालं.

‘‘आता डाव्या अंगाला! त्यो मोठा तिवर हाय ना, फांदी तुटलेला, त्याच्या सरळीत! हां! तितं पाय टाक. मैलाचा हाय त्यो!’’

पाय टाकला. खाली पनवेल पाच.

‘‘तितनं उजवीकडं. दोन लहान हायत, तिसरा जात्याचा. जात्याला भोक हाय, अंगठा अडकवू नको! मंग सरळ!’’

पाण्याखाली काही दिसत नव्हतं. मी तिच्या आवाजावर चाललो. एकही दगड तिने चुकीचा सांगितला नाही. शंभर पावलं, वळणं धरून, कड निसटती आहे की पक्की आहे तेसुद्धा. बांधावर आलो तर तिने चपला माझ्या अंगावर फेकल्या.

‘‘अष्टमीला भांग असतो, गाढवा! भांगाला पानी उतरतं काय? वेळ काडलीस पाऊनकीनं आन् भांग इसरलास! आगऱ्याच्या पोटचा ना तू?’’

बरोबर आहे. अष्टमीला पाणी ना चढत ना उतरत, अर्ध्यातच रेंगाळतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मी वेळ बघितली, पाण्याचं मन बघितलं नाही.


४ फेब्रुवारी, बुधवार

पाय सुजलेत. आईने हळद भरली. भरताना मी विचारलं, ‘‘तुला कसे माहीत सगळे दगड?’’

‘‘बगून.’’

‘‘कधी?’’

‘‘दर पुनव-अवसेला. त्यो खाली उतरला की मी बांधावर. पल्याडच्या तिवरात शिरंपर्यंत.’’

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. लहानपणी त्या संध्याकाळी ती म्हणायची, देवळात दिवा लावून येते.

‘‘कशाला गं?’’

ती पट्टी गुंडाळत राहिली. ‘‘पयली वर्सं, बुडतो का बगाया जायचे. देवाला हात बी जोडायचे त्यासाठी.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मंग काय. मंग जायचे.’’

पट्टीची गाठ मारून स्वतःच बोलली. जगनकाकाने जे सांगितलं नव्हतं ते. तिला कळलं तेव्हा ती भांडली नाही, माहेरी गेली नाही. जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, की गावच्या रस्त्याने त्या बाईकडे गेलास तर परत या घरात यायचं नाही. जायचंच तर पाण्यातून जा. तिला वाटलं, पाण्यातून कोण जातो? चिखल आहे, धार आहे. माणूस कंटाळेल.

‘‘दुसऱ्या पुनवेला पयला दगूड टाकला त्यानं,’’ आई म्हणाली. ‘‘माज्या देखत.’’

पूल झाला, रिक्षा आल्या, आणि तो चालतच राहिला, कारण बायकोने घातलेली अट त्याने मोडली नाही. बायकोला दिलेलं बाकी सगळं मोडलं, आणि ही अट नाही. ह्या माणसाला काय म्हणायचं ते मला कळत नाही. मी दहावीला दोनदा गणितात गेलो, पण हे गणित भल्याभल्यांना सुटणार नाही.

आईला हे बोलताना राग आला होता असं वाटत नाही. ती त्या दगडांबद्दल बोलत होती, गावातल्या बायका आपल्या पोराच्या नोकरीबद्दल बोलतात ना, तशी.


५ फेब्रुवारी, गुरुवार

दहावा. डोकं भादरलं. आरशात बापूस दिसला. पिंड ठेवले. भटजी मोबाइलवर बोलत बोलत मंत्र म्हणत होते, मला हसू आवरेना, काकाने चिमटा काढला.


७ फेब्रुवारी, शनिवार

बारावा झाला. ज्यांना ज्यांना सांगावा गेला होता ते सगळे आले, जेवले, बाबांच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगून गेले. आत्या म्हणाली, ‘‘सनाला कवा घरी नसायचा, पन देवभक्त व्हता.’’ कुणीही हसलं नाही. सगळ्यांना माहीत, आणि सगळे वाटीत वरण मागत होते. मलाही ते बरं वाटलं, का कोण जाणे.

सगळे गेल्यावर मी आईला म्हणालो, ‘‘संपलं. आता सांगावा नाही जात.’’

ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती. आई वाचत नाही, पण पुनवेचा गोल चंद्र तिला कळतो. त्याच्यावर बोट ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, सवयीने बघतेय.

परवा सोमवारी मी निघणार. ड्रायव्हरचा फोन आला, गाडी कोनच्या ढाब्यावर लागेल, माल बेळगावचा आहे.


१० फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ

बेळगावला गेलो नाही. कुठे बसून लिहितोय ते पुढे येईल.

काल पुनव. चार वाजता मी पिशवी भरली. आई आतून आली, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. ‘‘चल,’’ म्हणाली.

‘‘कुठे?’’

‘‘तुला आडवायचं असंल तर काकाला बोलाव. त्याला बी आयकायचा नाय मी.’’

बांधावर आलो तेव्हा खाडी रिकामी होत आली होती. दगड सगळे वर. ऊन तिरकं, ओला चिखल तांब्याच्या परातीसारखा, आणि त्यात ती काळी ओळ. मी पुढे होऊ लागलो तर तिने मला मागे ओढलं. ‘‘माज्या मागं ये. माज्या पायावर पाय.’’

ती आजवर त्यावर कधी चढली नव्हती. एकदाही नाही. हे मला तिने नंतर सांगितलं. वीस-एकवीस वर्षं वरून बघितलेली वाट ती घरातल्या पायऱ्या उतरावी तशी चालली. खाली बघतही नव्हती. जात्याला डावीकडून वळसा घातला. मैलाच्या दगडावर एक क्षण थांबली, नवऱ्याने पाय ठेवला तिथे पाय ठेवायला माणूस थांबतो तशी, किंवा नुसती दम खायला. मला मागून फक्त तिच्या टाचा दिसत होत्या.

धारेपाशी ओळ तुटते. मधे दहा-बारा हात पाणी, कंबरेइतकं, वाहतं. धारेत दगड टिकत नाहीत. आई शेवटच्या दगडावर थांबली.

पल्याडच्या शेवटच्या दगडावर एक बाई उभी होती.

मी खूप विचार केला होता तिच्या तोंडाचा. ती एक सुकलेली, काळी, पुढचे दात पडलेली बाई होती. आईपेक्षा म्हातारी. कपाळावर कुंकू मोठं, ताजं. अवसेला येऊन थांबून गेली असणार, आणि आज परत. आम्हाला बघून ती हलली नाही, पळाली नाही. जणू काही तिलाही वाटत होतं की आता काहीतरी ऐकायचंय.

दोघींनी एकमेकींना बघितलं.  मला वाटलं, आई आता शिव्या घालेल. इतकी वर्षं साठलेल्या. माझ्याकडेही दोन-चार तयार होत्या.

आईने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली, मयताच्या घरून मारतात तशी, लांब.

‘‘चंद्रे गोऽऽ! आपला मानूस गेला गोऽऽ!’’

आमचा नाही म्हणाली. माझा नाही म्हणाली.

ती बाई होती तिथेच खाली बसली. चिखलातच. चिखलाच्या हाताने कपाळ पुसलं, कपाळ काळं झालं. आणि तिने हंबरडा फोडला तेव्हा आईनेही फोडला. बारा दिवस कोरडी बाई. दोन काठांवर दोघी, मधे पाणी, आणि आवाज वर वर जात होता, तिवरातले बगळे उठून गेले. मी आयुष्यात एवढं मोठं काही ऐकलं नाही. ट्रकचा हॉर्न नाही, मिरवणुकीतला ढोल नाही. मी दगडावर खाली बसलो.

कितीतरी वेळाने धारेचा रंग बदलला. ‘‘आये, पाणी फिरलं,’’ मी म्हणालो. ‘‘आता मागे फिरलं पाहिजे, नाहीतर सकाळच्या सुकतीपर्यंत—’’

‘‘मना शिकवतोस?’’ ती म्हणाली आणि पाण्यात उतरली. पल्याडच्या दिशेने. कंबरेपर्यंत गेली तेव्हा ती दुसरी तिकडून उतरली आणि हात पुढे केला. आईने तो धरला. मी मागून.

तिचं घर म्हणजे एक खोली, तिथेच बसून लिहितोय. भिंतीला जाळं टांगलेलं. चंद्रावतीने चूल पेटवली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आईला म्हणाली, ‘‘तोच बांधा.’’ मी तिला द्यायला राखून ठेवलेल्या शिव्या कुठे गेल्या कोण जाणे. मी भात मागून घेतला, दोनदा.

जेवण झाल्यावर तिने विचारलं, ‘‘अवसेला बरा व्हता का?’’

आईने चुलीतला निखारा उगाच पुढे ओढला, मागे ढकलला.

‘‘अवसेला,’’ आई म्हणाली, ‘‘ताप डोक्यात गेलेला. सांज झाली तसा उठला. दोनदा उठला. पाय जमिनीला लावले. बोलत व्हता, पानी उतरलं आसंल, मना जाऊ दे. मी त्याच्या छातीवर हात दाबून बसले. ताकत नव्हती त्याच्यात, हात जोडले त्यानं मला. नाय सोडला मी.’’ मग म्हणाली, ‘‘दुसऱ्या दिवशी गेला. मीच नाय सोडला गो.’’

हे तिने मला सांगितलं नव्हतं. काकाला नाही, आत्याला नाही. बारा दिवस घरात माणसं होती, कुणालाच नाही.

चंद्रावती ऐकत होती. तिचे डोळे लहान झाले. मला वाटलं, आता ही उठेल.

‘‘बरं केलंस,’’ ती म्हणाली. ‘‘धारेत गेला असता. मी आल्याडनं बगत ऱ्हायले असते, तू पल्याडनं. कोनाच्याच हाताला लागला नसता.’’

आईने मान खाली घातली. चंद्रावतीने चुलीवरचं कोमट पाणी ओतून घेतलं आणि आईच्या पायांचा चिखल धुवायला बसली. पोटऱ्यांपासून, बोटांच्या मधे, सावकाश. आई ‘नको’ म्हणाली नाही.